ली सीचं शेवटचं वाक्य

यंदाच्या मंडईच्या जत्रेत आमच्या गावच्या नाट्य मंडळाने जे नाटक केलं ते माझं नव्हे, हे मी आधीच सांगून टाकतो. पोस्टरवर लेखक म्हणून माझं नाव होतं, रामलाल पटले, तेही मंडपवाल्याच्या नावाखाली. पण मी लिहून दिलं होतं ते ली सीचं नाटक. झालं ते भलतंच.

आता ली सी कोण, हे गेल्या सहा महिन्यांत इतक्या जणांना समजावलंय की तोंड दुखून आलं. तरी पुन्हा सांगतो. बावीसशे वर्षांपूर्वी चीनमध्ये हा एक साधा कारकून होता. एकदा त्याने पाहिलं, संडासातले उंदीर घाण खातात आणि माणसाची चाहूल लागली की जीव घेऊन पळतात. कोठारातले उंदीर मात्र धान्य खाऊन लठ्ठ झालेले, कोणी आलं तरी जागचे हलत नाहीत. त्याने मनाशी म्हटलं, उंदीर दोन्हीकडचे सारखेच, फरक जागेचा आहे. आणि गाव सोडून तो एका राजाकडे गेला. हळूहळू राजाचा सल्लागार झाला. तोच राजा पुढे साऱ्या चीनचा पहिला सम्राट झाला. लिपी एक, वजनं-मापं एक, कायदा एक, ह्या सगळ्यामागे ली सीचं डोकं. जुनी पुस्तकं जाळा, हा सल्लाही त्याचाच. सम्राट मेल्यावर दरबारातल्या एका कारस्थान्याच्या नादी लागून त्याने खोटा हुकूम काढला आणि थोरल्याला डावलून धाकट्या मुलाला गादीवर बसवलं. दोन वर्षांत त्याच कारस्थान्याने त्याच्यावर राजद्रोहाचा आळ घेतला आणि भर बाजारात त्याला कमरेतून कापायची शिक्षा झाली. सोबत त्याचा मुलगाही.

मरायला जाताना तो मुलाकडे वळून बोलला, ते लिहून ठेवलेलं आहे. तुझ्यासोबत पुन्हा एकदा आपला पिवळा कुत्रा घेऊन गावाच्या वेशीबाहेर सशामागे धावायचं होतं, आता ते कुठलं व्हायला! एवढंच. मग बापलेक दोघेही रडले.

ह्या एका वाक्यासाठी मी नाटक लिहिलं. आणखी खरं सांगायचं तर ते वाक्य एका माणसाला ऐकवण्यासाठी लिहिलं. तो माणूस म्हणजे माझा मुलगा धर्मेंद्र.

मी एकतीस वर्षं गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये होतो. लागलो तेव्हा पोती मोजणारा, निघालो तेव्हा मॅनेजर. पहिल्याच दिवशी गोदामात शिरलो तर पोत्यांच्या थप्पीवर एक उंदीर बसलेला. मी हाकललं तर त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. आमच्या घरचे उंदीर काडीसारखे, भांडं वाजलं की गायब. पुढे म्हातारपणी गोंदिया स्टेशनच्या स्टॉलवरून चीनच्या इतिहासाचं एक हिंदी पुस्तक आणलं आणि ली सीचे उंदीर वाचले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

मी कानाशी लागल्याशिवाय शेठजी काही करत नसत. कोणाला कामावर घ्यायचं, कोणाला काढायचं, किती वाजता गेट बंद करायचं, सगळे नियम माझे. शेठजींच्या तोंडून निघायचे, पण माझे. धर्मेंद्र त्याच मिलमध्ये हमालांवर देखरेखीला होता. साडेचार वर्षांपूर्वी एक थप्पी कोसळली आणि एका हमालाचा पाय गेला. थप्पी एवढी उंच लावू नका म्हणत हमाल गेटसमोर बसले. आमचे चिरंजीव त्यांच्यात, सगळ्यात पुढे. मी शेठजींना सल्ला दिला, पुढच्या आठ जणांना आत घेऊ नका, बाकीचे संध्याकाळपर्यंत आपोआप येतील. शेठजी म्हणाले, "रामलालजी, उसमें तो आपका लड़का है।" मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. गेटवर उभं राहून यादी मी स्वतः वाचली. पहिलं नाव धर्मेंद्र रामलाल पटले. शेठजी माझी पाठ थोपटून म्हणाले, "आप जैसा आदमी नहीं देखा।" आणि मला, काय सांगू, त्या दिवशी अभिमान वाटला होता.

दीड वर्षाने शेठजी गेले. त्यांच्या मुलाने, धाकट्या शेठने, महिनाभरात मला बोलावलं. साठीनंतर मिलमध्ये कोणी राहायचं नाही, निरोप-समारंभ नाही, त्याच दिवशी हिशेब पुरा, हा नियम मीच करून दिलेला. निघताना वॉचमनने माझी डब्याची पिशवी उघडून पाहिली. तोही नियम माझाच.

धर्मेंद्र आता गोंदियाजवळ कुडव्याला राहतो. गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्याशी बोलतो, म्हणजे हो किंवा नाही एवढंच बोलतो.

पण मंडईला तो गावी येतोच. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, आणि रात्री नाटक. धर्मेंद्रला नाटकाचं लहानपणापासून वेड. गावच्या मंडळात त्याच्यासारखा नट नाही, हे मी बाप म्हणून सांगत नाही. माझा हिशेब सरळ होता. ली सीचं काम मी करणार, त्याच्या मुलाचं काम धर्मेंद्र करणार, आणि शेवटी मी त्याच्याकडे वळून ते वाक्य म्हणणार. तिथून तो कुठे जाणार? नाटकात हात बांधलेले असतात.

हिशेब पहिल्याच बैठकीत बोंबलला. मंडळाचा अध्यक्ष घनश्याम, म्हणजे सरपंचबाईंचा नवरा. आमच्या मंडळाचा रिवाज असा, की अध्यक्ष असेल तोच नायक. घनश्यामचा आवाज असा की माइक लागत नाही. पाठांतर मात्र शून्य. माझी वही त्याच्या अंगणात वाचून झाली तेव्हा तो म्हणाला, "रामलालभाऊ, लय भारी. ली सी म्या करतो. तुमी प्रॉम्पटिंगले बसा. तुमच्याशिवाय मले जमनार नाही."

केवलराम, आमचा पडदा ओढणारा आणि प्रत्येक नाटकातला जल्लाद, मध्येच म्हणाला, "पन चीनचा मानूस कायले? आपल्याइकडचे राजे सरले का?"

झालं! तिथून जी काटछाट सुरू झाली ती थांबेचना. चीन नको म्हणून दूरचा एक देश झाला. दरबारात नाच पाहिजे म्हणून नाच आला. कारस्थान्याचं काम विनोदी केलं, कारण त्या पोराला फक्त विनोदी येतं. गोंदियाच्या ड्रेसवाल्याकडे चिनी कपडे नव्हते, म्हणून सम्राटाला रामलीलेचा मुकुट मिळाला. मी प्रत्येक वेळी चरफडलो आणि प्रत्येक वेळी घरी येऊन पानं बदलून दिली. मी फक्त दोन गोष्टी सोडल्या नाहीत. एक ते वाक्य. आणि दुसरी, शेवटच्या प्रवेशात मुलाचे हात खरेखुरे बांधायचे. गाठ नुसती दाखवायची नाही, केवलरामला मी तीनतीनदा बजावलं. खोटी गाठ लोकांना पहिल्या रांगेतून दिसते.

धर्मेंद्र दर रविवारी कुडव्याहून मोटरसायकलवर तालमीला यायचा. सगळ्यांना रामराम घालायचा. माझ्याशी बोलायचा ते वहीपुरतं.

"हे वाक्य बसून का उभ्यानं?"

"उभ्याने."

"ठीक."

संपलं. चार वाक्यं जास्त बोलावा म्हणून मी त्याच्या भूमिकेत उगाच अवघड शब्द घातले. त्याने अर्थ केवलरामला विचारले!

घनश्यामचं वेगळंच. मी विंगेतून वाक्य म्हणायचं, त्याने उचलायचं. एकदा तालमीत उकडत होतं म्हणून मी केवलरामला हळूच म्हणालो, पंखा इकडे कर. घनश्याम सम्राटापुढे छाती काढून गरजला, "महाराज, पंखा इकडे करा!" सगळे लोळायचे बाकी राहिले. घनश्यामला त्याचं काहीच वाटलं नाही. "म्या अर्थ नाही पाहात, भाऊ," तो म्हणाला. "आवाज आला का उचलतो."

मंडईला आठ दिवस असताना त्याने मला घरी बोलावलं. चहा पाजला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी शेठजींना शिकवलं होतं, वाईट काही सांगायचं असेल तर आधी चहा मागवा.

"भाऊ, थे कुत्र्याचं काढून टाका."

"का?"

"मरतेवेळी कुत्रा आन ससा? लोक हासतीन. नायक मरते तं कसा मराले पाह्यजे? शाप देऊन. तुमचा निर्वंस होईन, तुमचं राज्य जरून जाईन, असं. मंग पब्लिकच्या टाऱ्या पडतीन."

"घनश्याम, सगळं नाटक त्या वाक्यासाठी आहे."

"तुमच्यासाठी असन. पब्लिकसाठी नाही ना."

मी वाद घालायला हवा होता. वही उचलून घरी यायला हवं होतं. मी काय केलं? घरी येऊन शाप लिहिला. पान भरून लिहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिला. वरच्याने सांगितलं की लिहून द्यायचं, ही एकतीस वर्षांची सवय हाडात मुरलेली. मला स्वतःची इतकी चीड आली की दोन दिवस जेवण गेलं नाही.

देवकाबाई, माझी बायको, ताट परत नेताना म्हणाली, "त्याले कुत्र्याचं सांगाले एवढी मानसं कायले पाह्यजेत? कुडवा का चीनमदी आहे? बस पकडा आन जा."

"गेलो होतो."

"कवा?"

गेलो होतो, दोनदा. पहिल्यांदा दुकान लांबून पाहून परत आलो. दुसऱ्यांदा आत गेलो. धर्मेंद्र एका स्कूटरखाली आडवा होता. पाय पाहून त्याने विचारलं, "कोनती गाडी आहे?" मग वर पाहिलं, उठून हात पुसले आणि उभा राहिला. मी म्हणालो, काही नाही, इकडून चाललो होतो. कुडव्यात माझं कोणी नाही, मी इकडून कुठे चाललो असणार? मी पुढच्या ऑटोने स्टेशनला आलो. हे मी देवकाबाईला सांगितलं.

"सेठच्या कानात बोलता येत होतं तुमाले," ती म्हणाली. "लेकराच्या तोंडावर नाही बोलता येत."

मंडईच्या दिवशी आणखी एक मजा. रात्रीची वेळ वडस्याच्या धंदेवाईक नाटक कंपनीला दिलेली, लोकांना त्यांचंच नाटक हवं. आमचं लावलं दुपारी दोनला, दंडारीच्या वेळेला. ऊन असं की रंग गळून मानेवर येत होता. एका बाजूला पाळणा करकरतोय, दुसऱ्या बाजूला जिलेबीवाला ओरडतोय. सम्राट मरत असताना भोंग्यावरून घोषणा झाली की एमएच पस्तीसची लाल मोटरसायकल रस्त्यातून बाजूला घ्या. सम्राटाने डोळे उघडून पाहिलं, गाडी त्याचीच होती.

मी विंगेत बाजेवर बसून वाचत होतो. घनश्याम उचलत होता. नाचाला शिट्ट्या पडल्या, विनोदाला हशा. उंदरांचं भाषण चाललं होतं तेव्हा निम्मे लोक भजी आणायला गेले होते. मी वाचत राहिलो. मला आता काहीच वाटत नव्हतं, लवकर संपावं एवढंच वाटत होतं.

शेवटचा प्रवेश आला. घनश्याम मधोमध, साखळदंडात. शेजारी धर्मेंद्र, हात मागे बांधलेले, मान खाली. मागे केवलराम पुठ्ठ्याची तलवार घेऊन. माझ्यासमोर शापाचं पान. मी वाचायला तोंड उघडलं आणि सहज धर्मेंद्रकडे नजर गेली. तो माझ्याकडे पाठमोरा होता. रंग घामाने उतरला होता आणि कानामागे ऑइलचा काळा डाग होता. सकाळी दुकान उघडून, हात-पाय धुऊन, घाईघाईने आला असणार. एवढ्याशा वयापासून तो कानामागे धूत नसे. देवकाबाई रोज ओरडायची.

"बाळा," मी म्हणालो.

पानावर बाळा नव्हतं. पण घनश्याम गरजला, "बाळा!"

"तुझ्यासोबत पुन्हा एकदा..."

"तुझ्यासोबत पुन्हा एकदा!"

पिवळा कुत्रा म्हणायचं होतं. खरंच तेच म्हणायचं होतं, इतक्या वेळा लिहिलेलं वाक्य. पण आमच्याकडे कधी कुत्रा नव्हता.

"नवेगावच्या तलावाच्या बांधावर जाऊन बसायचं होतं."

घनश्यामने उचललं. तो अर्थ पाहत नाही.

"लुनावर. तू समोर उभा राहिला होतास. नऊ वर्षांचा होतास. दिवसभर गळ टाकून बसलो आणि एकच मासा लागला, बोटाएवढा. तो तू पाण्यात परत सोडलास."

घनश्याम हे सगळं साखळदंड खळखळवत, छाती काढून, दहा-दहा शब्दांच्या तुकड्यांत सांगत होता. पुढच्या रांगेत कोणीतरी ओरडलं, "त्या देशात लुना होती का बे?" मोठा हशा उठला. मी थांबलो नाही. आता थांबलो तर पुन्हा कधीच जमलं नसतं.

"पुढच्या वर्षी जाऊ म्हणालो आणि कधीच नेलं नाही. मला शेठजींकडून सुटी मागायची हिंमत नव्हती."

"शेठजींकडून सुटी मागायची हिंमत नव्हती!"

"आणि त्या दिवशी गेटवर तुझं नाव मी वाचायला नको होतं."

घनश्यामने हेही म्हटलं, आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज उतरला. एवढं मात्र त्यालाही कळलं. गेटची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे. हशा पुढून मागे विरत गेला. पाळण्याची करकर तेवढी ऐकू येत राहिली.

धर्मेंद्रने मान वर केली. त्याने घनश्यामकडे पाहिलं नाही. तो वळला आणि सरळ विंगेकडे पाहू लागला, मी बसलो होतो तिथे.

"बाबा," तो म्हणाला. माइक चालू होता. "याच्या तोंडून कायले बोलून राहिले? बाहेर या."

घनश्याम पुढच्या वाक्यासाठी कान देऊन उभा होता. मी काही बोललो नाही म्हणून तोही विंगेकडे पाहू लागला. केवलराम पाहू लागला. बायकांच्या बाजूला देवकाबाई उठून उभी राहिलेली मला पडद्याच्या फटीतून दिसली.

मी बाहेर आलो. चष्मा नाकावर, एका पायात चप्पल, दुसरी बाजेखाली राहिलेली. सारं गाव समोर आणि डोक्यावर ऊन. धर्मेंद्रच्या समोर जाऊन उभा राहिलो, तोंड उघडलं आणि काही आठवेना. आत्ताच बोललो होतो ते सगळं गेलं. वहीही विंगेत राहिली होती. एकतीस वर्षं मी दुसऱ्याच्या कानाशी बोललो आणि साडेचार वर्षं ह्या पोरासमोर उभा राहायला घाबरलो, आणि उभा राहिलो तर हे असं! मला रडू यायला लागलं ते रागाने.

"नवेगाव," बाजूने कोणीतरी कुजबुजलं. घनश्याम होता. तोंड न हलवता, नीट प्रॉम्प्टरसारखं. "भाऊ, नवेगाव."

"नवेगावले जाऊ का रे?" मी म्हणालो. आवाज फाटका निघाला. "एक दिवस. तुले सवड असन तवा."

धर्मेंद्र माझ्याकडे पाहत राहिला. साडेचार वर्षांत इतका वेळ त्याने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. त्याचा चेहरा मला वाचता येईना.

"पहिले हात सोडा माहे," तो म्हणाला.

मी त्याच्या मागे गेलो. दोर सुती, नवाकोरा, आणि गाठीवर गाठ मारलेली. नखं लागेनात. केवलराम तलवार खांद्याला लावून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, आता मारू का नोको?" पाळण्याकडून कोणी शिट्टी मारली. भोंग्यावरून पुन्हा लाल मोटरसायकलची घोषणा झाली.

"सुटत नाही का?" धर्मेंद्रने विचारलं.

"सुटते. थांब जरा."

सुटत नव्हती. मीच बजावलं होतं केवलरामला, तीनतीनदा. मी गुडघ्यावर बसलो, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि गाठ दाताने ओढू लागलो. धर्मेंद्र हात जरासुद्धा न हलवता उभा राहिला.